मराठी मजकूर मधेच एका अक्षरात फुटतो : स्ट्रीम हँडलरमधला परत परत येणारा बिघाड

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल. हजारो ओळींची मराठी फाइल आपल्या कोडमधून जाते. बाहेर पडलेला मजकूर जवळजवळ सगळा ठणठणीत असतो. पण मधेच कुठेतरी एका शब्दातलं एक अक्षर गायब आणि त्याच्या जागी शंकरपाळीच्या आकाराची काळी खूण, आत प्रश्नचिन्ह. तीही एकटी नाही, दोन किंवा तीन. पुढची ओळ पुन्हा स्वच्छ. इंग्रजी मजकुरात हा प्रकार दिसत नाही. छोट्या फाइलवर चाचणी घेतली तरी दिसत नाही. कोणीतरी फाइलमध्ये एक स्वल्पविराम वाढवतं, बिघाड नाहीसा होतो, तक्रारीचं तिकीट बंद होतं. पुढच्या महिन्यात तोच बिघाड दुसऱ्या नावावर हजर.

दादरला आमच्याकडे दिवाळी अंकांच्या वर्गणीदारांच्या पत्त्यांची लेबलं तयार होतात. यादीची फाइल एका स्ट्रीम हँडलरमधून, म्हणजे फाइल एकदम न उचलता तुकड्यातुकड्याने वाचून पुढे देणाऱ्या कोडमधून, वाचली जाते. तो नको असलेले रकाने गाळतो, जागेचं नाव नीट करतो आणि मजकूर छपाईकडे सोडतो. पार्सलं बांधणारे काका लेबलांचा गठ्ठा घेऊन टेबलाशी आले.

"अहो, हे बघा. 'घाटको' आणि पुढे 'र'. मधला 'प' कुठे गेला? मागच्या खेपेला पार्ल्याच्या पत्त्यात असंच झालं होतं."

"काका, ही लेबलं फाडू नका. नेमकं काय उमटलंय ते मोजायचंय मला."

मोजायचं कशासाठी ते पुढे येतंच. त्याआधी या बिघाडाची भावंडं बाजूला काढू, कारण चुकीच्या दुखण्यावर औषध देण्यात दिवस जातात. सगळाच मजकूर परकी चिन्हं लावलेल्या रोमन अक्षरांसारखा दिसत असेल, तर यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत साठवायची रूढ पद्धत, म्हणजे एन्कोडिंग) मधला मजकूर दुसऱ्याच एन्कोडिंगचा समजून वाचला गेला आहे. सगळीकडे नुसती साधी प्रश्नचिन्हं असतील, तर डेटाबेसच्या कनेक्शनचं कॅरेक्टर सेट तपासा. मजकूर इंग्रजी अक्षरांच्या निरर्थक ओळींसारखा असेल आणि फाइल एखाद्या डीटीपीवाल्याकडून आली असेल, तर ती बहुधा जुन्या फाँटच्या सांकेतिक रचनेत आहे, युनिकोडमध्ये नाहीच. या तिन्हींत बिघाड सरसकट असतो. आपला बिघाड तुरळक आहे, आणि तुरळकपणा हीच त्याची ओळख.

आता कारण. यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षर एका बाइटचं असतं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, मग ते व्यंजन असो, काना-मात्रा असो, हलन्त असो की देवनागरी अंक, तीन बाइटांचं. 'प' म्हणजे २२४, १६४, १७० हे तीन बाइट ओळीने. 'घाटकोपर'मध्ये घ, काना, ट, क, ओकार, प, र अशी सात चिन्हं आहेत, म्हणजे एकवीस बाइट. पिनकोड ४०००७७ देवनागरी अंकांत लिहिला तर अठरा बाइट, इंग्रजी अंकांत लिहिला तर सहा.

स्ट्रीमला यातलं काहीही ठाऊक नसतं. स्ट्रीम बाइट मोजते. पीएचपीमध्ये आपण लिहिलेल्या रॅपरच्या (स्ट्रीम कशी वाचायची-लिहायची ते ठरवणाऱ्या आपल्या क्लासच्या) स्ट्रीम_रीड या फंक्शनकडे सहसा ८१९२ बाइटांची मागणी येते. ८१९२ ला तीनने भागा: २७३० चिन्हं आणि वर दोन बाइट. म्हणजे सुरुवातीपासून निव्वळ देवनागरी असेल तर पहिल्याच तुकड्याच्या शेवटी एक अक्षर दोन बाइटांवर कापलं जातं आणि तिसरा बाइट पुढच्या तुकड्याच्या तोंडाशी जातो. नोडमध्ये फाइल वाचणारी स्ट्रीम मुळात ६४ केबीचे, म्हणजे ६५,५३६ बाइटांचे तुकडे देते. तिथे तीनने भागून एक बाइट उरतो. प्रत्यक्षात मजकुरात स्पेस, स्वल्पविराम, नव्या ओळीचं चिन्ह असे एकेका बाइटाचे पाहुणे असतातच, त्यामुळे काप कधी अक्षराच्या पहिल्या बाइटानंतर पडतो, कधी दुसऱ्यानंतर, तर कधी नेमका दोन अक्षरांच्या मधे. या शेवटच्या वेळी काहीच बिघडत नाही.

स्वल्पविरामाने बिघाड 'बरा' का होतो, ते इथे कळतं. एक बाइट वाढला, काप सरकला, अक्षर वाचलं. विंडोजवरून आलेली फाइल फुटते आणि तीच यादी लिनक्सवर बनवली की फुटत नाही, यामागेही हेच आहे: विंडोजच्या ओळीच्या शेवटी दोन बाइट असतात, लिनक्सच्या एकच. आणि छोटी चाचणी फाइल नेहमी पास होते, कारण ती पहिल्या तुकड्यातच संपते. सोळा ओळींच्या नमुन्यावर हा बिघाड कधीच सापडणार नाही, कितीही वेळा चालवा.

आता लेबलावरच्या खुणा मोजा. दोन बाइटांनंतर कापलेलं 'प' असेल, तर पहिल्या तुकड्याच्या शेवटी २२४, १६४ हे अर्धवट पण नियमात बसणारं तोंड उरतं. त्याला मिळून एक खूण. पुढच्या तुकड्यात एकटा पडलेला १७० येतो, त्याची दुसरी खूण. एकूण दोन. पहिल्याच बाइटानंतर कापलं असेल, तर २२४ ची एक, मग १६४ आणि १७० या दोन पोरक्या बाइटांच्या दोन. एकूण तीन. नोड, पायथन आणि आजचे ब्राउझर याच पद्धतीने खुणा टाकतात. एका अक्षराच्या जागी दोन किंवा तीन खुणा आणि आजूबाजूचं सगळं शाबूत, असं दिसलं की बाकीचे संशयित सोडून द्या. काकांच्या लेबलावर दोन होत्या.

खात्री करायची असेल तर मूळ फाइलमध्ये तो शब्द कितव्या बाइटावर आहे ते पाहा. तो ८१९२ च्या किंवा तुमच्या तुकड्याच्या मापाच्या पटीवर बसलेला दिसेल. ही मोजणी मूळ फाइलवरच करा, बाहेर पडलेल्या फाइलवर नको. बदली खूण स्वतः तीन बाइटांची असते (२३९, १९१, १८९), त्यामुळे तीन बाइटांच्या अक्षराच्या जागी सहा किंवा नऊ बाइट येतात आणि पुढचे सगळे आकडे घसरतात. मूळ फाइलमध्येच २३९, १९१, १८९ सापडले, तर नुकसान तुमच्या आधीच्या पायरीवर झालं आहे. तुमचा हँडलर निर्दोष आहे, पाठवणाऱ्याला कळवा. एक अपवाद लक्षात असू द्या: डेटा नेटवर्कवरून येत असेल तर तुकड्यांचं माप ठरलेलं नसतं. लॅपटॉपवर तेच अक्षर दरवेळी फुटतं आणि सर्व्हरवर रोज वेगळं, हे त्यामुळेच.

पीएचपीत कधीकधी खुणा न दिसता त्याहून मोठं नुकसान होतं. तुकड्याच्या शेवटी अर्धं अक्षर असताना त्यावर जेसन_एनकोड हे फंक्शन चालवलं तर ते फॉल्स परत देतं. अख्खा तुकडा गेला. एचटीएमएलस्पेशलकॅर्स ८.१ च्या आधीच्या आवृत्त्यांत अशा वेळी, वेगळा फ्लॅग दिला नसेल तर, रिकामा मजकूर द्यायचं. त्यामुळे 'मधली पन्नास-साठ नावं गायब' अशी तक्रार आली, तरी मूळ एका अक्षरात असू शकतं.

यावर लोक जे उपाय करतात त्यातला सर्वांत लाडका म्हणजे बफर, म्हणजे एका वेळी वाचायचा तुकडा, मोठा करणं. ८१९२ चं ६५,५३६ करा, मग दहा लाख करा. काप कमी झाले, गेले नाहीत. बिघाड आता महिन्याऐवजी वर्षातून एकदा येईल आणि तोवर त्याचं मूळ कोणाच्या लक्षात नसेल. माप तीनच्या पटीत करणं, म्हणजे ८१९० वगैरे, हेही पाहिलं आहे. पहिल्या स्पेसलाच ते हिशेबातून घसरतं.

पण सर्वांत घातक उपाय पायथनवाले करतात. तुकडा डीकोड करताना, म्हणजे बाइटांची अक्षरं करताना, 'अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ डेटा' अशी एरर येते आणि कोणीतरी डीकोडला एररकडे दुर्लक्ष करायला सांगतं. एरर गेली, खुणाही नाहीत. 'घाटकोपर'चं 'घाटकोर' झालं. आता हे शोधायला काही उरलंच नाही. खूण निदान ओरडून सांगते की इथे मोडलंय. जागेचं नाव पोस्टमन ओळखून घेईल, पण माणसाच्या आडनावातलं अक्षर गेलं तर ते आडनाव दुसरंच होतं. मराठी नावांचा डेटा हाताळताना हा पर्याय वापरू नका, एवढं आग्रहाने सांगतो.

खरा उपाय असा: तुकड्याच्या शेवटी अर्धं अक्षर असेल तर ते बाइट स्वतःजवळ ठेवायचे आणि पुढच्या तुकड्याच्या पुढे जोडायचे. यूटीएफ-८ ची रचना यासाठी फार सोयीची आहे. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये ती आखली तेव्हाच कुठल्याही बाइटावर उभं राहून अक्षराची सुरुवात शोधता यावी अशी व्यवस्था त्यांनी केली. अक्षराच्या पोटातले बाइट नेहमी १२८ ते १९१ मधले असतात. सुरुवातीचा बाइट त्या पट्ट्यात कधीच नसतो आणि अक्षर किती बाइटांचं ते तोच सांगतो: १२७ पर्यंत एक, १९४ ते २२३ दोन, २२४ ते २३९ तीन, २४० ते २४४ चार. हँडलरमधला गाभा एवढाच:

उरलेले = रिकामे
प्रत्येक तुकड्यासाठी:
    बाइट = उरलेले + तुकडा
    शेवटून मागे जा, जास्तीत जास्त तीन बाइट, सुरुवातीचा बाइट सापडेपर्यंत
    तो सापडला आणि त्याला हवे तेवढे बाइट पुढे नसले:
        तिथून पुढचं सगळं उरलेलेमध्ये ठेव, आधीचं पुढे पाठव
    नाहीतर:
        सगळं पुढे पाठव, उरलेले = रिकामे
स्ट्रीम संपली आणि उरलेलेमध्ये काही आहे:
    फाइल खरोखरच अर्धवट आहे, नोंद कर

शेवटच्या दोन ओळी गाळू नका. अपलोड मधेच तुटलं की तेच सांगतात.

बहुतेक भाषांत हे हाताने लिहावंही लागत नाही. नोडमध्ये स्ट्रिंगडीकोडर आहे. वाचणाऱ्या स्ट्रीमवर सेटएनकोडिंग केलं की आतून तोच चालतो. बिघाड होतो तो 'मजकूर += तुकडा' या निष्पाप दिसणाऱ्या ओळीत, कारण तिथे प्रत्येक तुकडा परस्पर आणि एकेकटा डीकोड होतो. ब्राउझरमध्ये टेक्स्टडीकोडरला 'स्ट्रीम' हा पर्याय चालू करून द्या. पायथनमध्ये कोडेक्समधला इन्क्रिमेंटल डीकोडर घ्या किंवा सरळ टेक्स्टआयओरॅपर गुंडाळा.

पीएचपीत मात्र स्वतः बसून लिहावं लागतं, आणि तिथेच जास्त लोक अडकतात, म्हणून जरा थांबतो. माझं मत असं की रॅपरमध्ये मजकुराला हात लावूच नये. रॅपरने बाइट आणावेत आणि द्यावेत. मजकुरावर काम करायचं असेल तर स्ट्रीम फिल्टर लिहावा, कारण उरलेले बाइट ठेवायला त्याच्याकडे हक्काची जागा आहे आणि स्ट्रीम बंद होतेय हे त्याला 'क्लोजिंग' या पॅरामीटरमधून कळतं. फिल्टरमध्ये तीन ठिकाणी नजर ठेवा. या फेरीत पुढे पाठवायला काहीच नसेल तर 'फीड मी' परत द्या, 'पास ऑन' नव्हे. 'कन्झ्यूम्ड'मध्ये बकेटची (फिल्टरच्या हाती आलेल्या तुकड्याची) मूळ लांबी मिळवा, राखून ठेवलेले बाइट वजा करू नका, कारण ते तुम्ही घेतलेले आहेतच. आणि क्लोजिंगच्या वेळी आत एकही बकेट नसेल तरी उरलेल्यासाठी नवी बकेट तयार करून बाहेर टाका. यातलं शेवटचं विसरलं की फाइलच्या शेवटचा मजकूर अधूनमधून हरवतो आणि नव्या तक्रारींचा सिलसिला सुरू होतो.

रॅपरमध्येच रूपांतर करण्याशिवाय इलाज नसेल, तर स्ट्रीम_ईओएफकडे बघा. आतला स्रोत संपला की लगेच 'हो, संपलं' म्हणायची घाई तिथे होते. स्रोत संपलेला हवा आणि तुमच्याकडचं उरलेलंही देऊन झालेलं हवं, तेव्हाच ट्रू. उलट टोकाला, ते कधीच ट्रू देत नसेल तर 'एफईओएफ होईपर्यंत वाच' असं लूप अखंड फिरत राहतं आणि सर्व्हरचा पंखा घोंघावू लागतो. मागितल्यापेक्षा जास्त बाइट परत दिले तर पीएचपी वॉर्निंग देऊन जादाचे फेकून देतं. कमी दिले तर चालतं. म्हणून जोडलेले उरलेले बाइट मागणीच्या मापात बसवा.

लिहिणाऱ्या बाजूला स्ट्रीम_राइटने किती बाइट लिहिले ते परत द्यायचं असतं. मराठीची काळजी घेणारा माणूस तिथे हमखास बाइटांऐवजी चिन्हं मोजणारं एमबी_स्ट्रलेन वापरतो, कारण मजकुराची लांबी त्यानेच मोजावी असं त्याने शिकलेलं असतं. इथे ते उलटतं. ९० बाइट लिहून ३० म्हटलं की पीएचपी उरलेले ६० पुन्हा पाठवतं आणि मजकूर दुबार उमटतो. इथे बाइट मोजणारं साधं स्ट्रलेनच बरोबर.

पायथनमध्ये रॉआयओबेसवरून स्वतःची स्ट्रीम बनवत असाल तर रीडइंटूमधून शून्य परत देणं म्हणजे स्ट्रीम संपली असा अर्थ होतो. दोन बाइट राखून ठेवले, हातात द्यायला काही नाही म्हणून शून्य दिलं, की पुढची सगळी फाइल वाचलीच जात नाही. अशा वेळी आतून आणखी वाचा आणि काहीतरी हाती आल्यावरच परत या.

डेटा ओळीओळीचा असेल तर याहून सोपा मार्ग आहे, आणि पत्त्यांच्या यादीसाठी मला तोच पटतो. प्रत्येक तुकड्यात शेवटचं नव्या ओळीचं चिन्ह, म्हणजे १० हा बाइट, शोधा. तिथपर्यंतचं पुढे पाठवा, बाकीचं राखून ठेवा. यूटीएफ-८ मध्ये १० हा बाइट कुठल्याच अक्षराच्या पोटात येत नाही, त्यामुळे अक्षर कापलं जायची शक्यताच नाही. दोन ठिकाणी जपा. अवतरणचिन्हांत बंदिस्त असलेल्या पत्त्याच्या आतही नवी ओळ असू शकते, तेव्हा रकाने पाडायचं काम सीएसव्ही समजणाऱ्या वाचकाकडेच द्या. आणि एक्सेलमधून 'युनिकोड टेक्स्ट' म्हणून साठवलेली फाइल यूटीएफ-१६ मध्ये असते. तिथे 'ऊ' या अक्षराच्या दोन बाइटांपैकी एक बाइट १० च आहे. अशी फाइल बाइटांवर ओळी पाडून वाचली तर 'ऊर्मिला' नावाच्या वर्गणीदाराशी ओळ तुटते. आधी यूटीएफ-८ करून घ्या, मग ओळी पाडा.

ओळीचा मार्ग पटण्याचं आणखी एक कारण आहे. बाइट शाबूत राहिले तरी मराठी अक्षर शाबूत राहतंच असं नाही. 'स्त्री' हे वाचणाऱ्याला एक अक्षर, युनिकोडला सहा चिन्हं. तुकडे नुसते पुन्हा जोडायचे असतील तर मधे कापल्याने काही बिघडत नाही. पण प्रत्येक तुकड्यावर काही प्रक्रिया करत असाल तर बिघडतं. 'गोऱ्हे'मधला ऱ एका चिन्हाने लिहिता येतो, तसाच र आणि खाली नुक्ता (टिंब) अशा दोन चिन्हांनीही. शोध नीट चालावा म्हणून आपण एनएफसी नॉर्मलायझेशन करतो आणि ते दोन्ही जोडून एक करतं. काप नेमका र आणि नुक्त्याच्या मधे पडला तर ते जोडले जात नाहीत. पडद्यावर नाव अगदी बरोबर दिसतं, शोधलं की सापडत नाही. एकही खूण नाही, एकही एरर नाही. नॉर्मलायझेशन, लांबीनुसार छाटणी, शोधून बदलणं ही कामं पूर्ण ओळ हातात आल्यावरच करा.

दुरुस्ती झाली की चाचणी मोठ्या फाइलच्या भरवशावर सोडू नका. तुकड्याचं माप मुद्दाम हास्यास्पद लहान करा: एक बाइट, दोन, पाच, सात. पीएचपीत स्ट्रीम_सेट_चंक_साइझ आहे, नोडमध्ये हायवॉटरमार्क. चाचणीच्या मजकुरात जोडाक्षरं, ऱ्ह, देवनागरी अंक, मधे इंग्रजी आणि एखादी इमोजी असू द्या, कारण बहुतेक इमोजींचं चिन्ह चार बाइटांचं असतं. प्रत्येक मापाला बाहेर पडलेला मजकूर एकसारखाच यायला हवा. चेकसम (बाइटांवरून काढलेला पडताळ्याचा आकडा) जुळवून पाहा. एका बाइटाच्या तुकड्यावर टिकलेला हँडलर कुठल्याही नेटवर्कवर टिकतो.

राहिला आधीच फुटलेला डेटा. बदली खुणेतून मूळ अक्षर परत मिळत नाही, ते बाइट तिथे उरलेलेच नसतात. डेटाबेसमध्ये २३९, १९१, १८९ हा क्रम शोधून ज्या ज्या नोंदींत तो आहे त्यांची यादी काढा आणि तेवढ्या नोंदी मूळ फाइलवरून पुन्हा भरा. अंदाजाने दुरुस्त करू नका. 'घाटको' आणि 'र' यांच्या मधे काय होतं ते कोणीही सांगेल, आडनावांचं तसं नसतं. एररकडे दुर्लक्ष करणारं डीकोडिंग कधीकाळी चालू होतं असं कळलं तर खुणा शोधून भागणार नाही. त्या काळातली सगळी आयात मूळ फाइलींशी ओळ न् ओळ ताडून पाहावी लागेल, आणि म्हणून आयात झाल्यावर मूळ फाइली पुसू नका.